सहा तारांचा संसार

कर्जत लोकल बदलापूर सोडते तेव्हा डब्यातील निम्म्याहून अधिक गर्दी ओसरलेली असते. उभ्याने प्रवास करून अवघडलेली माणसे बाकावर बसतात, खिडकीतून डोंगराचा वारा आत येतो आणि मुंबईपासून इथवर दाबून ठेवलेले श्वास मोकळे होतात. पुढचे स्थानक वांगणी. निवृत्तीनंतर मी याच गावी स्थायिक झालो. वांगणीत दृष्टिहीनांची पुष्कळ कुटुंबे राहतात. मुंबईतील आणि जवळच्या उपनगरांतील भाडी न परवडल्याने ती एकेक करून येथे येत गेली. त्यांपैकी काही जण लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकतात, काही जण गातात. पूर्वी त्यांच्या गळ्यात हार्मोनियम असे. आता बहुधा छोटा ध्वनिक्षेपक असतो.

असेच एक पन्नाशीचे गृहस्थ आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागून चालणारी त्यांची पत्नी एके दिवशी आमच्या डब्यात चढली. त्यांनी खिशातून एक नाणे काढले आणि उभ्याने धरायच्या पोलादी दांडीवर दोनदा हलकेच वाजवले. काचेच्या पेल्यासारखा किणकिणाट झाला. त्यानंतर शब्द सुरू करण्यापूर्वी त्यांनी तोंडाने गिटार वाजवली. होय, तोंडाने. एका क्षणात डब्यातील सर्वांनी ते गाणे ओळखले. ‘चुरा लिया है’.

गाणे संपल्यावर मी शेजारच्या महाविद्यालयीन तरुणाला सहज विचारले, “या गाण्यातली गिटार कोणी वाजवली आहे, ठाऊक आहे?” तो म्हणाला, “आर. डी. बर्मन.” उत्तर चुकीचे होते, परंतु त्याला दोष कसा द्यावा? ‘यादों की बारात’ हा चित्रपट १९७३ सालचा. पडद्यावर गिटार झीनत अमानच्या हातात आहे, गळा आशाताईंचा आहे, चाल पंचमदांची आहे. बोटे मात्र भूपिंदर सिंग यांची आहेत, आणि त्या बोटांची नोंद त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांवर होत नसे. तबकडीच्या वेष्टनावर गायक, संगीतकार आणि गीतकार एवढ्यांचीच नावे छापली जात. वादक सत्राचे मानधन घेऊन घरी जात. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला ही पद्धत फार खटकते. व्यवहार झाला, रक्कम चुकती झाली, पण खातेवहीत खातेदाराचे नावच नाही!

भूपिंदर सिंग यांचे निधन १८ जुलै २०२२ रोजी मुंबईत झाले. वय ब्याऐंशी वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी त्यांना गझलगायक म्हणून आदरांजली वाहिली आणि ते यथायोग्यच होते. परंतु या माणसाने आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्यांच्या गाण्यांना आपल्या सहा तारांचा आधार देण्यात घालवला होता, हे त्या मजकुरात एखाद्या ओळीपुरतेच आले.

त्यांचा जन्म अमृतसरचा, ६ फेब्रुवारी १९४० चा. वडील नत्था सिंग हे शिक्षित गायक आणि अत्यंत कडक शिक्षक. कडक म्हणजे इतके, की त्या शिस्तीपायी लहानग्या भूपिंदरला संगीताचाच तिटकारा आला. आपल्याकडे कलावंतांच्या चरित्रांत सहसा उलट कथा असते. मुलाला गायचे असते, वडील दुकानाच्या गादीवर बसवू पाहतात आणि मुलगा पळून जातो. येथे वडीलच गाणे शिकवीत होते आणि मुलगा गाण्यापासून पळत होता. बाप आपल्या मुलाला जे सर्वोत्तम देऊ पाहतो, तेच त्याला ओझे वाटावे, यासारखे दुःख घरात दुसरे नाही. ते नाते पुढे कसे सावरले याचा तपशील मी रचून सांगणार नाही. एवढे मात्र निश्चित, की वडिलांनी घडवलेला गळा काही काळ बाजूला राहिला आणि मुलाच्या हाती गिटार आली.

या निवडीचा मी पुष्कळ विचार केला आहे. गिटार हे घराणे नसलेले वाद्य. सतार, सरोद, सारंगी यांच्यामागे पिढ्यांची परंपरा, गुरूंची वंशावळ आणि चुकांचा हिशेब ठेवणारे जाणकार असतात. त्या काळी आपल्याकडे गिटारला असे कोणी नव्हते. मांडीवर आडवी ठेवून पोलादी तुकड्याने वाजवायची हवाईयन गिटार आकाशवाणीवर ऐकू येई. छातीशी धरून वाजवायची स्पॅनिश गिटार ही हॉटेलातील नृत्यवृंदाची वस्तू समजली जाई. वडिलांच्या धाकात वाढलेल्या मुलाला जेथे कोणी कान पकडणार नाही असे वाद्य जवळचे वाटले असेल, तर त्यात नवल ते काय? हा माझा तर्क आहे, वाचकांनी तो तर्क म्हणूनच घ्यावा.

दिल्लीत आकाशवाणीवर ते सतीश भाटिया यांच्या हाताखाली गिटारवादक म्हणून काम करीत. १९६२ साली संगीतकार मदनमोहन दिल्लीस आले असता भाटिया यांनी त्यांच्या सन्मानार्थ भोजन ठेवले. त्या घरगुती बैठकीत या बावीस वर्षांच्या वादकाला गाण्याचा आग्रह झाला आणि त्याने बहादूरशाह जफर यांची एक गझल म्हटली. मदनमोहन यांनी त्यास मुंबईला बोलावून घेतले. पाहा, कशी गंमत आहे! वाजविण्यासाठी ठेवलेला माणूस गाण्यामुळे मुंबईला आला आणि मुंबईने त्यास पुन्हा वाजवायला बसवले.

‘हकीकत’ (१९६४) या चित्रपटात मदनमोहन यांनी त्यांना महंमद रफी, तलत महमूद आणि मन्ना डे यांच्याबरोबर एका गीतात स्थान दिले. चीनच्या युद्धातील थकलेल्या सैनिकांचे ते गीत, आणि त्या सैनिकांमध्ये भूपिंदर पडद्यावरही दिसतात. दोन वर्षांनी चेतन आनंद यांच्याच ‘आखरी खत’मध्ये खय्याम यांनी त्यांना स्वतंत्र गीत दिले आणि तेथेही ते स्वतः पडद्यावर आले. देखणा चेहरा, भारदस्त आवाज आणि हाती वाद्य असे असतानाही नायकांचा गळा म्हणून ते सर्रास स्वीकारले गेले नाहीत. त्यांच्या आवाजात एक खोल, किंचित अनुनासिक थरथर होती. बागेत नायिकेमागे धावणाऱ्या नायकाला तो आवाज शोभला नसता. संध्याकाळी एकटा घरी परतणाऱ्या माणसाला तो शोभे.

मधल्या काळात पोट गिटारवर भरत होते. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात ते दाखल झाले आणि ‘हरे रामा हरे कृष्णा’तील (१९७१) ‘दम मारो दम’ची गिटार त्यांनी वाजवली. त्या काळचे ध्वनिमुद्रण म्हणजे काय असे, हे आजच्या पिढीस सांगावयास हवे. ताडदेवचे फिल्म सेंटर असो, महालक्ष्मीचे फेमस असो वा वांद्र्याचे मेहबूब. गायक, व्हायोलिनवाल्यांची रांग, तबला, ढोलक, गिटार हे सारे एकाच वेळी, एकाच फेरीत वाजवीत. चौथ्या मिनिटाला एखाद्या वादकाचे बोट घसरले तर सर्वांनी पहिल्यापासून आरंभ करायचा. चाळीस-पन्नास माणसांचे श्रम एका बोटावर अवलंबून! रोखपालाची दिवसअखेरची जमा पाच रुपयांनी चुकली की सारी शाखा थांबून राही, त्या दिवसांची मला आठवण होते. फरक एवढाच की आमची चूक रात्री सापडत असे आणि सकाळी विसरली जात असे. तेथील फेरी एकदा तबकडीवर उतरली की पन्नास वर्षे तशीच वाजत राहते. या पडद्यामागील वादकांचे जग संशोधक ग्रेगरी बूथ यांनी २००८ साली ‘बिहाइंड द कर्टन’ या ग्रंथात सविस्तर मांडले. परदेशी अभ्यासकाने आपल्या वादकांची नावे टिपून ठेवावीत आणि आपण ती विचारूही नयेत, ही गोष्ट मला फारशी भूषणावह वाटत नाही.

मी स्वतः त्यांच्या आवाजाशी जोडला गेलो तो ‘घरौंदा’मुळे. १९७७ सालचा भीमसेन दिग्दर्शित हा चित्रपट, संगीत जयदेव यांचे. एका कार्यालयात काम करणारी दोन सामान्य माणसे, अमोल पालेकर आणि झरीना वहाब, लग्नापूर्वी मुंबईत स्वतःचे घर मिळावे म्हणून पै-पै साठवतात आणि बांधकाम व्यावसायिक त्यांना फसवतो. त्यानंतर कथेत डॉ. श्रीराम लागू यांनी साकारलेला मालक येतो आणि जे घडते ते पाहताना मध्यमवर्गीय प्रेक्षक आजही अस्वस्थ होतो. त्यात भूपिंदर यांचे एक युगुलगीत रूना लैला यांच्यासह आहे, अर्धवट उभ्या इमारतींमधून हिंडताना गायलेले, ‘दो दीवाने शहर में’. पुढे तीच चाल एकट्याच्या गळ्यातून परत येते. दोघांपैकी एक वजा झाला की शिल्लक काय उरते, हे त्या दोन गीतांतील फरकात जयदेव यांनी मांडून ठेवले आहे.

योगायोग असा, की त्याच १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी गृहकर्जासाठी एचडीएफसी ही संस्था स्थापन केली. त्यापूर्वी सामान्य पगारदाराला घरासाठी कर्ज मिळणे ही दुर्मीळ गोष्ट होती. घर घ्यायचे ते निवृत्तीच्या वेळी, भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून. ‘घरौंदा’तील जोडप्याला हप्त्यावर घर मिळाले असते तर चित्रपटच झाला नसता. पुढे माझ्याही नोकरीतील बरीच वर्षे गृहकर्जाच्या टेबलाशी गेली. समोर येणाऱ्या जोडप्यांच्या अर्जावरील पत्ते वर्षागणिक पूर्वेकडे सरकत गेलेले मी पाहिले. आधी डोंबिवली, कल्याण, मग अंबरनाथ, बदलापूर आणि अखेरीस वांगणी. पगारपत्रक, हमीदार, सातबारा, आणि शेवटी एखादी नवी सून संकोचाने विचारी, “साहेब, तिथे पाणी येतं ना?” अशा वेळी ती चाल माझ्या मनात वाजू लागे. नियमांच्या चौकटीत राहून मी किती अर्ज मंजूर केले आणि किती परत पाठविले, याचा आकडा आज स्मरत नाही. परत पाठवलेल्यांपैकी काही चेहरे स्मरतात.

असो. मूळ विषयाकडे वळतो.

भूपिंदर यांचे सर्वांत मौलिक कार्य माझ्या मते चित्रपटांत नाही. १९६८ साली त्यांनी स्वतः चाली बांधलेल्या गीतांची पहिली खासगी ध्वनिमुद्रिका निघाली आणि त्यानंतर त्यांनी गझलच्या मैफलीत स्पॅनिश गिटार आणली. हे धाडस कशात होते ते थोडे उलगडून सांगतो. गझलची पारंपरिक साथ हार्मोनियम, सारंगी आणि तबल्याची. हार्मोनियम व सारंगी गळ्याच्या पाठोपाठ चालतात; गायकाने जो स्वर घेतला तोच त्या घेतात. गिटार असे करीत नाही. ती एका वेळी तीन-चार स्वर मिळून कॉर्ड देते, आणि गळ्याचा स्वर तोच राहिला तरी खालची कॉर्ड बदलताच त्याचा रंग पालटतो. एकच शब्द आधी तक्रारीसारखा वाटतो आणि पुढच्याच क्षणी समजुतीसारखा. शिवाय गिटारचा स्वर छेडताच विरू लागतो. हार्मोनियम जागा भरून काढते, गिटार जागा रिकामी ठेवते. त्या रिकाम्या जागेत शेर श्रोत्यापर्यंत पोहोचण्यास अवधी मिळतो. उलट बाजूही मान्य केली पाहिजे. गिटारच्या पडद्यांमुळे मींडेला मर्यादा येते आणि जाणकारांना तेथे काहीतरी हरवल्यासारखे वाटते. त्यांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. परंतु हाती गिटार धरणारा जेव्हा वडिलांकडून गळा शिकलेला असतो, तेव्हा तो ती उणीव गळ्याने भरून काढतो. लहानपणी ज्या तालमीपासून तो पळत होता, तीच तालीम येथे कामी आली.

‘किनारा’ (१९७७) या चित्रपटातील त्यांचे ‘एक ही ख्वाब’ आजही रात्री शांतपणे ऐकून पाहावे. हेमा मालिनी मधूनच बोलतात, गायक अर्धे गातो, अर्धे सांगतो आणि गिटार घरातल्या माणसासारखी अवतीभवती वावरते. गुलजार, पंचमदा आणि भूपिंदर या त्रयीने चित्रपटगीतास दिवाणखान्यातील संभाषणाइतके साधे करून दाखविले. याच गुलजारांच्या ‘परिचय’मध्ये (१९७२) भूपिंदर यांनी लता मंगेशकर यांच्यासह ‘बीती ना बिताई’ गायले. पडद्यावर संजीवकुमार आणि जया भादुरी, म्हणजे बाप आणि लेक. बाप मुलीला गाणे देतो आहे, असा तो प्रसंग. नत्था सिंगांच्या मुलाने ते गाताना मनात काय आले असेल, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

आणखी एक प्रसंग लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या मदनमोहन यांनी त्यांना मुंबई दाखवली, ते १४ जुलै १९७५ रोजी गेले. त्यांच्या चालीतील ‘दिल ढूँढता है’ ज्या ‘मौसम’ चित्रपटात आहे, तो त्याच वर्षाच्या अखेरीस, त्यांच्या पश्चात प्रदर्शित झाला. ते गीत दोन लयींत आहे. लताबाईंसमवेतचे चपळ, आणि भूपिंदर यांनी एकट्याने गायलेले संथ. फुरसतीच्या दिवसांची आस लागलेल्या माणसाचे ते गीत निवृत्तांच्या बैठकीत हमखास निघते. आम्ही सारे ते चपळ लयीत म्हणण्याचा प्रयत्न करतो आणि दुसऱ्या कडव्याशी संथ लयीवर येतो!

ऐंशीच्या दशकात त्यांच्या जीवनाला वळण मिळाले. बांगलादेशच्या गायिका मिताली मुखर्जी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मिताली त्यांच्या देशात नावाजलेल्या पार्श्वगायिका होत्या. विवाहानंतर भूपिंदर यांनी नियमित पार्श्वगायन जवळजवळ थांबवले आणि पतिपत्नींनी एकत्र गझल गाण्याचा मार्ग पत्करला. ‘आहिस्ता आहिस्ता’ (१९८१), ‘बाजार’ (१९८२), ‘ऐतबार’ (१९८५) या चित्रपटांतील त्यांची गीते घराघरांत वाजत होती, म्हणजे मागणी संपली म्हणून हा निर्णय झाला असे म्हणता येत नाही. गुलजारांच्या रचनांचा ‘चाँद परोसा है’ हा त्या उभयतांचा संग्रह अनेकांच्या संग्रही असेल. त्यांचे पुत्रही संगीतातच आले.

बँकेच्या दृष्टीने या निर्णयाचा ताळेबंद मांडायचा झाला तर तो तोट्याचाच दिसेल. चित्रपटगीत एका रात्रीत देशभर पोहोचते. मैफलीला पाचशे माणसे येतात. गिटारवादक म्हणून ते ज्या स्थानी होते, तेथे सत्रांची वाण नव्हती. परंतु इतकी वर्षे ज्याच्या बोटांना दुसऱ्यांच्या नावाखाली काम करावे लागले, त्याने अखेर एका मंचावर बसून, शेजारी पत्नी, हाती स्वतःची गिटार, गळा स्वतःचा आणि चाल बहुधा स्वतःची, असे गाणे निवडले. मी त्यांच्या जागी असतो तर मला हे धैर्य झाले नसते, हे प्रांजळपणे नमूद करतो.

धैर्य झाले नसते असे म्हणतो, त्यास कारण आहे. माझा मुलगा सनदी लेखापालाची उमेदवारी करीत असताना त्याने एक जुनी गिटार विकत घेतली आणि वर्षभरात तो ती खरोखरच चांगली वाजवू लागला. एके रात्री जेवणानंतर त्याने उमेदवारी सोडण्याचा विषय काढला. मी त्याला रागावलो नाही. त्यापेक्षा वाईट केले, कागद घेऊन आकडेमोड करून दाखवली. वादकाचे वार्षिक उत्पन्न, घराचा हप्ता, आजारपण, लग्न. आकडे बरोबर होते. तो गप्प बसला, परीक्षा उत्तीर्ण झाला, आज पुण्यात उत्तम स्थितीत आहे. गिटार वांगणीच्या घरी माळ्यावर आहे. १९ जुलै २०२२ च्या सकाळी त्याने मला काहीही न लिहिता ‘एक ही ख्वाब’ तेवढे पाठवले. मी दूरध्वनी करून विचारले, “अजून वाजवतोस का रे?” तो म्हणाला, “वेळ कुठे मिळतो, पप्पा?” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. तीच गोष्ट मला अधिक लागली. त्या दुपारी मी माळ्यावरून गिटार उतरवली. पावसाळी हवेने तारा गंजल्या होत्या, त्यातील एक हात लावताच तुटली. नव्या सहा तारांचा संच मी आणून ठेवला आहे. त्या चढवायच्या कशा हे मला येत नाही, तो आला की चढवील.

ते वांगणीचे गायक मला त्यानंतर पुन्हा एकदा गाडीत भेटले. त्या दिवशी पाऊस होता, डब्यात फारशी माणसे नव्हती आणि ते गाणे संपवून दाराशी उभे होते. मी उठून जवळ गेलो आणि म्हणालो, “आपण तोंडाने जी गिटार वाजवता ना, ती भूपिंदर सिंग यांची आहे.”

“ठाऊक आहे, काका,” ते हसून म्हणाले. “ते गेले तेव्हा दिवसभर रेडिओ लावून बसलो होतो. ‘घरौंदा’चं गाणंही त्यांचंच.”

“मग ते का म्हणत नाही गाडीत?”

उत्तर त्यांच्या पत्नीने दिले. “गाडीत लोकांना लगेच ओळखू येईल असं लागतं. ते हळू गाणं आहे. पैसे पडत नाहीत त्याला. आम्ही दोघं घरी म्हणतो ते.”

वांगणी आले. पत्नीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती दोघे फलाटावर उतरली.